जानापाव, सकाळचे सात

पुजाऱ्यानं विचारलं, बाकीचे कुठे राहिले?
मी मागं वळून पाहिलं, खरोखरच,
कुणी येतंय की काय म्हणून.

काल संध्याकाळी पातालपाणीला उतरले तेव्हा
पाठपिशवीत दोन बाटल्या पाणी, गूळ-शेंगदाणे,
मेथीचे चार पराठे, बॅटरी, गुडघ्याचं बँडेज
आणि भावाला मारलेली थाप:
महूला सुलभाकडं मुक्काम आहे.
अठ्ठावन्नाव्या वर्षीही थाप मारताना
आवाज सोळाव्या वर्षाचाच निघतो.

नकाशात या टेकड्यांना नावं नाहीत,
नुसते आकडे, मीटरमधले.
एकतीस वर्षं बँकेत आकड्यांचीच उठबस केली,
म्हणून ठरवलं, आज प्रत्येकीला नाव ठेवायचं.
नावं ठेवण्यात आमचं घर तसं पहिल्यापासून पुढे.
पहिलीला ठेवलं दमा.
दुसरी उगाचच लांब, संपता संपेना, ती हेडऑफिस.
तिसरीवर पौषातल्या दशमीचा चंद्र होता,
तिला काही ठेवलं नाही.

चौथीच्या धारेवर बसून पराठा खाल्ला, हात धुतले.
मग लक्षात आलं,
डावीकडं सांडलं ते नर्मदेला जाणार,
उजवीकडचं चंबळ, यमुना, गंगा करत
पार बंगालला.
एका खरकट्या ओंजळीचे दोन समुद्र.
मी आणखी थोडं सांडलं, दोन्हीकडं सारखं,
मग पुरायचं नाही म्हणून झाकण लावलं.

अगस्ती दक्षिणेला निघाला तेव्हा विंध्याला म्हणाला,
मी येईपर्यंत असाच वाकून राहा.
आलाच नाही तो.
पाचव्या चढावर हातांचेही पाय झाले तेव्हा
मी दगडाला गाल लावून म्हटलं,
ऊठ बाबा आता, तुला कुणी काही म्हणणार नाही.
पण उद्या.
आजची रात्र वाक.

अडीचच्या सुमारास चंद्र गेला.
बॅटरी विझवली तर हात दिसेना,
लावली तर हाताशिवाय काही दिसेना.
सहावी उतरताना हरभऱ्याच्या शेतात
माचाणावर कुणीतरी खोकलं,
आणि मग हाक आली: कुण छे?
मला हिंदी येते, जन्म इंदूरचा,
दाराबाहेर सगळं आयुष्य हिंदीतच गेलं,
पण तोंडातून निघालं, मी.
बराच वेळ काही नाही.
झाडातून वारा जाऊन आला.
मग वरून आवाज: हां. जा.

इतक्या कमी कागदांत
कुठल्याच खिडकीवर माझं काम झालं नव्हतं.
मीही कधी कुणाचं केलं नव्हतं.

सातवीचं सांगत नाही.

आणि मग हे.
देऊळ, कुंड, घंटेला लोंबकळणारा एक मुलगा,
पुजाऱ्याचा प्रश्न.
म्हटलं, बाकीचे नाहीत, एवढीच आहे.
तो म्हणाला, चहा घ्या.
अर्धाच कप होता, त्याच्यातलाच.

खाली रस्त्यावर मानपूरची बस मिळाली.
खिडकीतून टेकड्या मागं निघाल्या,
दमा कुठली, हेडऑफिस कुठलं, काही कळेना,
सगळ्या सारख्याच, ऊन खात पडलेल्या म्हशींसारख्या.
मान वळवून वळवून शोधत होते
तर कंडक्टर म्हणाला, बाईजी, छुट्टे.

लोकमान्य नगरात जिन्याखाली जैन भाभी:
अरे, कचरागाडी तो अभी निकल गई!
मी म्हटलं, हो का.
मग तीन मजले, कठडा धरून,
एकेका पायरीवर दोन्ही पाय.

दुपारी मोज्यांतली कुसळं काढत बसले.
चिवट जात, ओढलं की आणखी आत जातं.
कुठलं कुठल्या टेकडीचं, कोण सांगणार.
बशी भरत आली तेव्हा भावाचा फोन:
काय म्हणते सुलभा?

घर उंचावर आहे तिचं, म्हटलं.
वारा छान येतो.